इंग्रजीचे शिक्षक व्हायचे आहे? बी.एड.पूर्वीची तयारी

पदवी परीक्षेचे वर्ष जवळ आले की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच विषय निघतो: पुढे काय? कोणी बँकेच्या परीक्षांकडे वळतो, कोणी परदेशाची वाट धरतो. काही युवक-युवती मात्र शिक्षक होण्याचा विचार मनात बाळगून असतात. त्यांतही माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवावे असे म्हणणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढलेली दिसते. इच्छा चांगली आहे. परंतु तिच्या जोडीला पूर्वतयारी नसेल तर पहिल्या सहा महिन्यांतच उत्साह मावळतो. अशा युवकांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी ही माहिती एकत्रितपणे देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या विषयाचे महत्त्व केवळ नोकरीपुरते नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिलीच्या वर्गात आला. तरीही नववी-दहावीपर्यंत पोहोचलेली कित्येक मुले इंग्रजीचे एक साधे वाक्य स्वतःच्या मनाने बोलताना अडखळतात. धडा पाठ आहे, प्रश्नोत्तरे पाठ आहेत, निबंधही पाठ आहे. भाषा मात्र आलेली नाही. याच भीतीपोटी अकरावीनंतर काही मुले शिक्षणाची वाट सोडून देतात. म्हणून इंग्रजीचा शिक्षक कसा घडतो हा प्रश्न अवघ्या समाजाचा आहे.

प्रथम मार्ग निश्चित करावा

माध्यमिक शिक्षक होण्यासाठी आज दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला परिचयाचा आहे: पदवी घेऊन त्यानंतर बी.एड. करणे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवीन नियम केले व २०१५-१६ पासून बी.एड. हा अभ्यासक्रम एक वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला. दुसरा मार्ग बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये त्यावर भर दिला असून २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत तो सुरू झाला. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्याला बारावीतच शिक्षक होण्याची खात्री वाटते त्याचे एक वर्ष या मार्गाने वाचते. ज्याची अजून खात्री नाही त्याने आधी पदवी घ्यावी हे बरे.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव परिषदेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात मांडला. मसुदा आणि नियम यांत अंतर असते. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

एक गैरसमज येथेच दूर करू या. बी.एड. केले की कोणत्याही वर्गाला शिकवता येते असे पुष्कळांना वाटते. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. ही पदविका लागते. बी.एड.धारक त्या वर्गांसाठी पात्र ठरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मधील निकालात स्पष्ट केले आहे. ज्याचा ओढा लहान मुलांकडे आहे त्याने हे आधीच जाणून घ्यावे.

प्रवेश परीक्षा आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात बी.एड.चा प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीद्वारे होतो. सर्वसाधारण उमेदवारास पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण असावे लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटे असे स्वरूप असून बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान व शिक्षक अभियोग्यता असे तीन भाग असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जायचे असेल तर इंग्रजी भाषेच्या ज्ञानाची आणखी एक चाचणी द्यावी लागते.

सर्वांत मोठी फसगत तारखांची होते. पदवीचा निकाल जूनमध्ये लागेल, मग अर्ज भरू, असे समजून कित्येक जण स्वस्थ बसतात. प्रत्यक्षात सीईटीचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी, सामान्यतः हिवाळ्यातच, सुरू होतात आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थीही ही परीक्षा देऊ शकतात. एक अर्ज चुकला की एक वर्ष जाते.

कागदपत्रांत आपल्या समाजाची एक नेहमीची अडचण म्हणजे नावाची. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे. आडनाव कोठे लोपिस तर कोठे लोपेस, कोठे डिसोजा तर कोठे डिसूझा. पदवीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि इतर कागदांवरील नाव जुळते का, हे परीक्षेपूर्वीच पाहावे. नावातील दुरुस्तीला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या महाविद्यालयात त्या जागांसाठी अर्ज करावयाचा असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी.

महाविद्यालय निवडताना केवळ अंतर पाहू नये. आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले एक नाव म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंनी १९५३ साली मुंबईत सुरू केलेली सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन. अशा जुन्या संस्था असोत वा जवळचे नवे महाविद्यालय, तीन प्रश्न अवश्य विचारावेत: इंग्रजी अध्यापन पद्धती शिकविणारे प्राध्यापक नियमित आहेत का, सराव पाठांसाठी कोणत्या शाळा जोडलेल्या आहेत आणि ग्रंथालय दुपारनंतर उघडे असते का. केवळ नावापुरती हजेरी घेऊन पदवी देण्याचे आमिष कोणी दाखवीत असेल तर तेथून परत फिरावे. अशा पदवीने नोकरीची पात्रता कदाचित मिळेल. वर्गापुढे उभे राहण्याचे बळ मिळणार नाही.

दोन वर्षांचे गणित

हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. २०१४ च्या नियमांनुसार प्रत्येक वर्षी किमान २०० कामाचे दिवस भरावे लागतात. वर्गातील हजेरी किमान ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेची हजेरी किमान ९० टक्के लागते. आंतरवासिता म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून काम करणे. दोन वर्षांत मिळून ती किमान २० आठवड्यांची असते. तेव्हा दिवसा नोकरी करून बी.एड. पुरे करू, हा विचार सोडून द्यावा. संध्याकाळी दोन-चार मुलांची शिकवणी घेता येईल, त्याहून अधिक नाही.

घरच्यांनी दोन वर्षांचे शुल्क, प्रवास, शैक्षणिक साहित्य यांचा एकत्रित हिशेब आधीच मांडावा. शुल्क किती असावे हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. त्याहून अधिक मागणी झाल्यास पावती मागावी. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावे लागतात व त्यांनाही मुदत असते. पैशांअभावी मुलीचे शिक्षण थांबवून मुलाचे पुढे नेण्याचा प्रकार आपल्याकडे पूर्णपणे संपलेला नाही. ज्या मुलीला शिकविण्याची आवड आहे तिला ही दोन वर्षे द्यावीत, अशी पालकांना आमची विनंती आहे.

भाषा येणे आणि भाषा शिकविता येणे

आता मुख्य विषयाकडे वळू. इंग्रजीत पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला शेक्सपियरची नाटके ठाऊक असतात. परंतु सातवीतील मुलाने एखादा साधा प्रश्न विचारला की तो गडबडतो. उदाहरणार्थ, ‘शी गोज’ म्हणतात, मग ‘डझ शी गोज’ का म्हणायचे नाही? उत्तर सोपे आहे. वर्तमानकाळाची खूण एका वाक्यात एकदाच येते. ‘डझ’ने ती स्वतःकडे घेतली की मूळ क्रियापद मोकळे होते. हे आपण वर्षानुवर्षे बरोबर बोलत असतो, पण कोणाला समजावून सांगण्याची वेळ आलेली नसते. शिक्षकाची तयारी येथून सुरू होते. बी.एड.ला जाण्यापूर्वी शालेय व्याकरण पहिल्यापासून पुन्हा वाचावे आणि प्रत्येक नियमापुढे ‘असे का?’ हा प्रश्न लिहून त्याचे उत्तर मराठीत व इंग्रजीत दोन-दोन वाक्यांत मांडावे.

आपली मातृभाषा या कामी मोठी मदतनीस आहे. मुलांच्या चुका मराठीच्या आरशात पाहिल्या की त्यांचे कारण उमगते. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून मुले ती गाळतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, म्हणजे संबंध दाखविणारा शब्द नामानंतर जोडतो. इंग्रजीत तो नामाच्या आधी येतो. ‘मी हा चित्रपट मागच्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत चालते, म्हणून मूल इंग्रजीतही ‘आय हॅव सीन’च्या पुढे ‘लास्ट इयर’ लावते. ते मूल निर्बुद्ध नाही. ते आपल्या भाषेच्या नियमाने चालले आहे. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर तो रागावणार नाही, फरक दाखवील.

उच्चारांचेही तसेच आहे. इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे आणि उच्चारात सुमारे ४४ ध्वनी. देवनागरीत वाढलेल्या मुलाला हा गोंधळ वाटणे स्वाभाविक आहे. मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत दोन: एकाला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठ गोल होतात आणि दात टेकत नाहीत. ‘थिंक’मधील पहिला ध्वनी हा आपला ‘थ’ नव्हे. जीभ दातांमध्ये ठेवून हवा सोडत राहावे लागते. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील फरक ऐकू आला नाही तर जहाजाची मेंढी होते. शब्दातील आघातही बदलतो: ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, छायाचित्रकारासाठी असलेल्या ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर येतो. परदेशी धाटणीने बोलण्याची मुळीच गरज नाही. स्पष्ट, समजेल असे आणि आघात योग्य जागी ठेवून बोलले म्हणजे पुरे. शब्दकोशातील उच्चारखुणा वाचायला आधीच शिकून घ्याव्यात.

पद्धतींची तोंडओळख

बी.एड.मध्ये अध्यापनाच्या अनेक पद्धती शिकविल्या जातात. व्याकरण-भाषांतर पद्धती जुनी. तिच्यात नियम सांगून भाषांतर करून घेतात. प्रत्यक्ष पद्धतीत मातृभाषा वर्ज्य असते. संरचनात्मक दृष्टिकोनात वाक्यरचनांचा क्रमाने सराव असतो, तर संप्रेषणात्मक दृष्टिकोनात भाषेचा प्रत्यक्ष वापर मध्यभागी असतो.

या प्रश्नांवर भारतभूमीत मोलाचे काम झाले आहे. मायकेल वेस्ट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमध्ये शिकविताना वाचनावर भर दिला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शब्दसूचीत इंग्रजीतील सर्वाधिक उपयोगी असे सुमारे २००० शब्द आहेत. प्रा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत बंगळूर प्रकल्प राबविला. नकाशा वाचणे, वेळापत्रक लावणे अशी कामे मुलांना इंग्रजीतून करायला दिली तर भाषा आपोआप आत झिरपते, असा त्यामागील विचार होता. सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली मांडलेल्या द्विभाषिक पद्धतीत शिक्षक अर्थ सांगण्यापुरता मातृभाषेचा आधार घेतो आणि सराव इंग्रजीतून करून घेतो. आपल्या मराठी माध्यमाच्या वर्गांना ही शेवटची पद्धत विशेष मानवते, असे आमचे मत आहे. संपूर्ण तास मराठीत बोलून इंग्रजी येत नाही. आणि मराठीचा एक शब्दही न उच्चारण्याच्या हट्टाने मागच्या बाकांवरची मुले कायमची हरवतात.

प्रवेशापूर्वीच्या महिन्यांत काय करावे?

परीक्षा आणि प्रवेश यांमध्ये बहुधा काही महिने मोकळे मिळतात. त्यांचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिले, बालभारतीची पाचवी ते दहावीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके क्रमाने वाचावीत. मराठी माध्यमासाठी आणि इंग्रजी माध्यमासाठी पुस्तके वेगळी आहेत, दोन्ही पाहावीत. कोणत्या इयत्तेत काय अपेक्षित आहे याचा नकाशा त्यामुळे मनात तयार होतो.

दुसरे, रोज एक पान इंग्रजीत लिहावे. विषय साधे असावेत: बाजार, पाऊस, आजीची तब्येत. आठवड्याने तेच पान पुन्हा वाचून स्वतः तपासावे. जो स्वतः लिहीत नाही त्याला मुलांच्या वह्या तपासण्याचा अधिकार उरत नाही.

तिसरे, मोठ्याने वाचावे. घरातील लहान भावंडाला रोज दहा मिनिटे इंग्रजी गोष्ट वाचून दाखवावी. शिक्षकाचा आवाज हे त्याचे पहिले शैक्षणिक साहित्य होय.

चौथे, आपल्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन चार-पाच तास मागच्या बाकावर बसावे. शिक्षक काय बोलतात यापेक्षा मुले काय करतात ते पाहावे. किती मुलांनी तोंड उघडले? कोणाला एकही प्रश्न विचारला गेला नाही? याची नोंद ठेवली तर पुढे फार उपयोग होतो.

पाचवे, फळ्यावर लिहिण्याचा सराव करावा. सरळ ओळीत, शेवटच्या बाकावरून दिसेल असे लिहिणे वाटते तितके सोपे नाही.

सराव पाठांची भीती

अभ्यासक्रम सुरू झाल्यावर छात्राध्यापकाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती सराव पाठांची. आरंभी सूक्ष्म अध्यापन असते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या या तंत्रात पाच-सहा मिनिटे, मोजके विद्यार्थी आणि एकच कौशल्य घेतात: प्रस्तावना, प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन. सहाध्यायी व मार्गदर्शक उणिवा सांगतात आणि तोच पाठ पुन्हा घेतला जातो. टीका ऐकून पुन्हा उभे राहणे हाच येथील खरा अभ्यास आहे. त्यानंतर पाठ टाचण काढून पूर्ण तासाचे पाठ सुरू होतात. टाचण सजविण्यात रात्र घालवू नये. ‘तासाच्या शेवटी मुलाला असे काय करता येईल, जे तासाच्या आरंभी येत नव्हते?’ या एका प्रश्नाचे उत्तर त्यात असले म्हणजे टाचण चांगले.

नोकरीचे वास्तव

या बाबतीत गोड चित्र रंगविणे योग्य होणार नाही. अनुदानित शाळांतील भरतीसाठी राज्यात २०१७ पासून पवित्र प्रणाली आणि शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. ही चाचणी दरवर्षी होत नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपरही उत्तीर्ण व्हावा लागतो. बहुतेक माध्यमिक शाळांत हे वर्गही असतात, म्हणून ही परीक्षा लवकरात लवकर देणे शहाणपणाचे. निवड झाल्यावर आरंभीची तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. माध्यमिक स्तरावरील हे मानधन २०२३ साली दरमहा १८,००० रुपये करण्यात आले. विनाअनुदानित शाळांत वेतन संस्थेनुसार बदलते आणि अनेक ठिकाणी ते समाधानकारक नसते. पदवीला इंग्रजी हा मुख्य विषय असेल तर इंग्रजीच्या जागेसाठी साधारणतः मार्ग सुकर होतो.

हे सर्व वाचूनही ज्याचे मन माघार घेत नाही त्याने पुढे यावे. ‘दुसरे काही मिळाले नाही म्हणून बी.एड.’ हा विचार मात्र त्या युवकालाही सुख देत नाही आणि त्याच्या हाती पडणाऱ्या मुलांनाही.

आपली जमेची बाजू

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मराठी माध्यमातून शिकलेले अनेक युवक ‘आमचे इंग्रजी कच्चे, आम्ही काय शिकविणार?’ असे म्हणून मागे सरतात. वसईतील कित्येक मुले घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि मग इंग्रजीकडे येतात. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत पाऊल टाकताना होणारी धडपड त्यांनी स्वतः अनुभवलेली असते. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले, येथील भाषा प्रौढपणी शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार मराठी ओव्या आहेत. कोंकणीचे व्याकरणही त्यांनीच रचले. परकी भाषा कष्टाने शिकलेला माणूसच तिच्या वाटेवरचे खाचखळगे नेमके ओळखतो, याची ही साक्ष होय.

ज्याला इंग्रजी पाळण्यापासून येते त्याला ती न येण्याचे दुःख कळेलच असे नाही. ज्याने ती मिळविली आहे तो मागच्या बाकावरील गप्प मुलाजवळ जाऊन उभा राहू शकतो. आपल्या शाळांना अशा शिक्षकांची गरज आहे. सीईटीच्या अर्जाची तारीख आजच पाहून ठेवावी, नावाचे कागद तपासावेत आणि उद्या सकाळपासून एक पान लिहायला घ्यावे. या वाटेवर निघणाऱ्या सर्व युवक-युवतींना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!